इंजिन खोलायचं नाही

झुंबरबाई : खोलायचं म्हंजे? पुरतं खोलायचं?

नागाप्पा : पुरतं. खालचं बेरिंग गेलंय. वरनं हेड उतरायचं, खालनं चेंबर उतरायचं, क्रँक भाईर काढून बघायचा.

झुंबरबाई : अवो मिस्त्री, दीड वर्साची गाडी हाय. शिटावरचा प्लास्टिकचा कागद मी अजून काढलेला न्हाय.

नागाप्पा : कागदाचा आणि बेरिंगचा काय संबंध, बाई? इंजिनाला स्क्रू ड्रायव्हर टेकवून कान लावलाय मी. चाळीस वर्सं हेच करतोय ह्या उद्यमनगरात.

झुंबरबाई : किती दिवस लागतील?

नागाप्पा : बारा. जास्तच. सामान पुण्यासनं येणार.

झुंबरबाई : आन माझं कापड? कबनूरला गाठी बांधून तयार हायत. शुक्रवारी गाडी राजस्थानच्या वाटंला लागली पायजे. दिवाळीच्या आत माल पोचला न्हाय तर दुसऱ्याची गाडी लावणार, असं मालाचा मालक हंबीरराव तोंडावर बोललाय माझ्या. नवरा गेल्यावर ही एक गाडी आन त्यो एक गिऱ्हाईक, एवढंच धरून बसलोय मी.

नागाप्पा : मग काय, ठोका वाजत असताना घाटात घालताय गाडी? चढावर बंद पडली तर कोण ढकलणार? मी?

पवित्रा : अप्पा, जरा थांबा. मी अजून मशीन लावलेलं नाही.

झुंबरबाई : ही कोण? तुमची पवित्रा न्हवं? कंपनीच्या वर्कशॉपात हुतीस की गं तू? पॉलिटेक्निक केल्याली?

पवित्रा : होते. सोडलं. आठवडाच झाला.

झुंबरबाई : का? त्रास दिला काय कुणी?

पवित्रा : त्रास कसला? खुर्ची दिली. पंख्याखाली. येणाऱ्या गिऱ्हाइकाकडं बघून हसायचं, पाणी द्यायचं, ‘सर, पाच मिनिटं बसा’ म्हणायचं. माझ्या वर्गात नापास झालेली पोरं आत मशीन लावत होती आणि मी बाहेर दात दाखवत होते. शेवटी स्वतःचं मशीन घेतलं आणि इथं आले.

नागाप्पा : टीव्हीचा रिमोट असतोय तेवढंच हाय ते. त्याला वायर लावली की झालं मशीन. लाव यवा, लाव पोरी. तुझं समाधान होऊ दे. नंतर मी पाना घेतो.

पवित्रा : मावशी, किल्ली पहिल्या खटक्यापर्यंत फिरवा. चालू नका करू.

झुंबरबाई : फिरवली. पिवळा दिवा लागला बघ. आठ दिस झालं, ह्यो दिवा जात न्हाय. डायव्हर गुंडू म्हणतोय, चढाला गाडी रेटंच घेत न्हाय. ॲक्सिलेटर पार तळाला दाबला तरी म्हशीवानी चालते. आन खाली ठोका. ठण ठण ठण.

पवित्रा : आला कोड. पी शून्य एक नऊ एक.

झुंबरबाई : ह्यो काय माझ्या गाडीचा नंबर न्हाय.

नागाप्पा : मटक्याचा आकडा हाय. लावा कुणीतरी. ओपन एक, क्लोज नऊ.

पवित्रा : हसा. मावशी, तुम्हाला बीपी आहे न्हवं?

झुंबरबाई : हाय की. ह्या मिस्त्रीमुळंच वाढलंय.

पवित्रा : तसं ह्या इंजिनाला डिझेलचं बीपी असतं. लई दाबानं डिझेल आत जातं. तो दाब मोजायला एक सेन्सर बसवलाय आणि तो काय मोजतो ते इंजिनातल्या कॉम्प्युटरला सांगतो. हा कोड म्हणतोय, तिथनं येणारी खबर खरी वाटत नाही.

नागाप्पा : म्हंजे बीपी वाढलंय का मोजणारा खोटं बोलतोय?

पवित्रा : ते त्याला कळत नाही. ते आपण बघायचं.

नागाप्पा : मग डाक्टर कसला ह्यो? पेशंट आजारी हाय एवढंच सांगायला आलाय. ते झुंबरबाईला ठाऊकच हाय.

झुंबरबाई : आगं पण पोरी, त्यो सेन्सर तर परवाच नवा घातलाय. आमच्या कबनूरच्या नाक्यावर जोतीरामचं गॅरेज हाय. त्याच्याकडंबी असलंच मशीन हाय. त्यानं हाच आकडा काढला आन नवा सेन्सर घातला. दोन मैलांत दिवा परत हजर.

नागाप्पा : ऐकलंस? मशीन म्हणालं सेन्सर, सेन्सर बदलला, ठोका तिथंच. आता बोल.

पवित्रा : आता विचार करायला लागणार.

नागाप्पा : तू विचार कर. मी दाखवतो. एकेका सिलिंडरचा डिझेल पाईप ढिला करतो. ज्या पाईपला ठोका बंद पडंल, त्याच्या खाली बेरिंग गेलं. बाई, स्टार्टर मारा.

(इंजिन सुरू होतं. केबिनीत दोन शिटांच्या मधलं झाकण काढलेलं. नागाप्पा आत कमरेपर्यंत वाकलेला, हातात एकोणीस नंबरचा पाना, डोळे मिटलेले. झुंबरबाई किल्लीशी. पवित्रा खाली, दाराच्या पायरीला.)

पवित्रा : अप्पा, ह्या इंजिनात पाईप ढिला करायचा नसतो! अप्पा!

झुंबरबाई : आगं, पाना लावला त्यांनी.

पवित्रा : अप्पा! हात काढा! मावशी, बंद करा! किल्ली, किल्ली!

झुंबरबाई : केलं. केलं बंद. शिवा शिवा.

नागाप्पा : का बंद केलंसा? आत्ता कुठं नट हलत हुता.

पवित्रा : हात दाखवा. दोन्ही. उलटा करा. कुठं टोचलं? कुठं भाजलं?

नागाप्पा : काय झालं तुला? काय न्हाय टोचलं.

पवित्रा : अहो, जुन्या गाडीसारखं थेंब थेंब गळत नाही इथं! सुईसारखी धार लागते. कातडं फोडून आत जाते आणि आत विष होतं. पुण्यात आमच्या ट्रेनिंगला एकाचं बोट कापून टाकलेला फोटो दाखवला होता. तीनदा ओरडले मी!

नागाप्पा : इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू येतंय, यवा?

झुंबरबाई : मला आलं की वो, मिस्त्री.

नागाप्पा : तुमचा कान तरुण हाय.

झुंबरबाई : चौपन्न वर्साची हाय मी. तुमच्या हातभर अंतरावर बसलोय. ही एवढी बोंबलली की पलीकडच्या लेथवाल्यानं मान वर केली. तुमी न्हाय केलासा.

पवित्रा : अप्पा. कधीपासून?

नागाप्पा : काय कधीपासनं?

पवित्रा : माझ्या तोंडाकडं बघून ओठ वाचू नका. तिकडं बघा. (तो वळतो.) मी आत्ता काय म्हटलं?

नागाप्पा : (परत तिच्याकडं वळून) काय म्हणालीस?

झुंबरबाई : आई गं.

पवित्रा : कधीपासून?

नागाप्पा : डावा जाऊन चार वर्सं झाली. उजवा औंदा उन्हाळ्यात. चिमणी वरडली तर न्हाय कळत. माणूस समोर असला तर कळतंय.

पवित्रा : आणि कानाला स्क्रू ड्रायव्हर लावून बसता ते?

नागाप्पा : हादरा हाडातनं येतोय. ठोका हाय एवढं कळतंय. वर हाय का खाली, ते...

पवित्रा : ते?

नागाप्पा : ते न्हाय कळत.

झुंबरबाई : म्हंजे बेरिंग गेलंय हे तुमाला ठाऊक न्हवतं?

नागाप्पा : खोलल्यावर डोळ्यानं दिसलं असतं, बाई.

झुंबरबाई : म्हंजे माझ्या इंजिनाचं पोट फाडून बघणार हुता काय झालंय ते? शुक्रवारचा माल, हंबीरराव, माझं सगळं उलथंपालथं, आन तुमी नुसतं बघणार हुता?

नागाप्पा : व्हय.

झुंबरबाई : आन वर तोंड करून म्हणताय ‘व्हय’?

नागाप्पा : खोटं बोलून झालं की आता. अजून किती बोलू?

झुंबरबाई : निपाणीला माझा नवरा अडकला हुता तवा एसटीच्या टपावर गिअर बॉक्स घालून आलतासा तुमी. त्या मिस्त्रीकडं गाडी घेऊन आलतो मी. ह्या मिस्त्रीकडं न्हाय.

नागाप्पा : मग काय करायचं हुतं मी? दारावर पाटी लावायची? ‘मिस्त्री बहिरा हाय, गाड्या पुढं न्या’? सगळा ट्रक अड्डा मला ‘कानवाला मिस्त्री’ म्हणतोय. माझ्या हातात काय डिग्री हाय? हे दोन कान, एवढंच दुकान हाय माझं.

पवित्रा : मला सांगायचं.

नागाप्पा : तुला काय सांगू? दहा वर्सं तू ह्या दारात उभी राहून ‘अप्पा, पाना द्या’ म्हणत हुतीस. हात काळं हुतील, उद्या सोयरीक जुळायची न्हाय, म्हणून हाकलली तुला. आता कुठल्या तोंडानं म्हणू, की ये, माझ्या जागी ऐक?

पवित्रा : ह्याच तोंडानं. आत्ता म्हणालात तसं. आणि एक ऐका. फोनवर मी ‘जेवलात का’ विचारायचे आणि तुम्ही ‘पाऊस न्हाय’ म्हणायचात. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी राजीनामा लिहिला. त्या खुर्चीचा वैताग होताच, पण नुसत्या खुर्चीसाठी नाही आले मी इथं.

झुंबरबाई : बरं, रडायचं मागनं रडा दोघं. माझी गाडी ठोकतीया. पोरी, तू सांग. खोलायचं का न्हाय?

पवित्रा : पाच मिनिटं द्या. पाना न लावता सिलिंडर बंद करता येतो ह्या मशीनवरनं. एकेक बटण. मावशी, चालू करा. अप्पा, तुम्ही तुमचा स्क्रू ड्रायव्हर टेकवा.

नागाप्पा : आता त्याचा काय उपयोग?

पवित्रा : हाडातनं येतं म्हणालात न्हवं? टेकवा, तोंड माझ्याकडं ठेवा. हा एक नंबर बंद केला. ठोका कमी झाला?

नागाप्पा : न्हाय.

पवित्रा : मला पण तसंच वाटलं. दोन... तीन...

झुंबरबाई : मला बी तसाच ऐकू येतोय. कुणी मला इचारलं न्हाय, पण सांगतो.

पवित्रा : चार, पाच, सहा. संपले. कुठलाही बंद केला तरी ठोका तेवढाच.

नागाप्पा : म्हंजे कुणा एकाचं न्हाय. बेरिंग असतं तर एका जाग्याला कमी झालं असतं.

पवित्रा : मग?

नागाप्पा : मग सगळ्यांना एकदमच काहीतरी जादा होतंय. डिझेल जादा दाबानं घुसतंय. जुन्या पंपाचं टायमिंग पुढं गेलं की सगळं इंजिन असंच ठणकायचं.

पवित्रा : बरोबर. सेन्सर म्हणतोय दाब कमी आहे, म्हणून कॉम्प्युटर दाब वाढवतोय. म्हणून ठोका. मध्येच त्याला ती खबर खोटी वाटते, मग तो ताकदच कापतो. म्हणून चढाला म्हैस. मशीनचं बरोबर होतं आणि तुमचा ठोकाही खरा होता. बेरिंग तेवढं खोटं.

झुंबरबाई : पण सेन्सर तर नवा हाय!

पवित्रा : सेन्सर नवा आहे. त्याला जोडलेली वायर जुनीच आहे. जोतीरामनं सेन्सर बदलला आणि तीच वायर परत खोचली. तिचं टोक बघायला पाहिजे. बंद करा, मावशी, आणि थोडा वेळ जाऊ दे. दाब उतरला की मगच कुणीही हात घालायचा.

नागाप्पा : किती वेळ?

पवित्रा : एक चहा. झुंबरमावशींनी फुर्र करून प्यायला तर अर्धाच.

झुंबरबाई : तिखट हाय गं ही. आवडली मला.

पवित्रा : हं, आता घाला हात, माझ्याकडं बघत. रेल, म्हणजे डिझेलची जाड नळी आहे, तिच्या टोकाला, भिंतीच्या बाजूला. मला वाकून दिसत नाही तिथं.

नागाप्पा : मला कुठं दिसतंय?

पवित्रा : तुमच्या बोटांना दिसतं. लहानपणी अंधारात डबा उघडून नट काढून द्यायचात, बरोबर बाराचा.

नागाप्पा : हं. ही वायर... हा खटका... निघाला. रबराची टोपी फाटलीया. आणि आत... चिकाट हाय काहीतरी.

पवित्रा : ऑइल?

नागाप्पा : ऑइल निसरडं असतंय. हे ओढतंय बोटाला. ग्रीस न्हाय, डिझेल न्हाय.

झुंबरबाई : अवो, तोंडात काय घालताय ते! मिस्त्री!

नागाप्पा : गोड हाय.

पवित्रा : गोड?

नागाप्पा : गोड आणि आंबूस. वर हळदीचा वास. यवा, बत्ती मार माझ्या बोटावर.

पवित्रा : हळदच आहे. आणि पांढरं काय ते? राख?

नागाप्पा : इभूत हाय.

पवित्रा : इंजिनात विभूती कशी आली?

नागाप्पा : झुंबरबाई, खंडेनवमीला गाडीची पूजा कुणी केली?

झुंबरबाई : कुणी म्हंजे? तुमीच की! ह्याच दारात. दरसालासारखं औंदाबी गाडी पयली तुमच्याकडं आणली. तुमी झाकण काढलासा, इंजिनाला इभूत लावलासा, हळदकुंकू वाहिलासा, आन नारळ फोडून अर्ध्या करवंटीचं पाणी वतलासा आत. ‘थंड रहा रे बाबा’ म्हणालासा. मला वाईच भरून आलतं.

नागाप्पा : मी वतलो.

झुंबरबाई : मग काय मी? त्याच्यानंतर दुसऱ्या दिवसापासनंच तर दिवा लागला!

नागाप्पा : चाळीस वर्सं वततोय, बाई. एकाबी इंजिनाला काय झालं न्हाय. ते नुसतं लोखंड हुतं. त्याला नारळाचं पाणी काय, नदी लावली तरी चाललं असतं. ह्याच्या आत असली नाजूक वायर असती, हे... माझ्याच हातानं मी...

पवित्रा : अप्पा, मान वर करा. ती टोपी आधीच फाटलेली होती, म्हणून पाणी आत गेलं.

नागाप्पा : आजारी मीच पाडलो आणि पोटबी मीच फाडणार हुतो.

झुंबरबाई : तेवढं खरं हाय. त्यात आता भर घालू नका. निघतंय का ते?

पवित्रा : स्पिरिट आणि टूथब्रश. सगळ्या पिना खरवडून पुसते, वाळवते, नवी टोपी घालते. माझ्याकडं आहे. इंजिनाच्या एकाही नटाला हात लावायचा नाही.

झुंबरबाई : लाव बाई, लाव. तुझ्या हाताला यश येऊ दे. आन मिस्त्री, पुढल्या खंडेनवमीला?

नागाप्पा : न्हाय करणार पूजा. हात जोडतो.

पवित्रा : का नाही? करायची. विभूती झाकणावर लावा. नारळ चाकापुढं फोडा. आणि पाणी आम्हाला प्यायला द्या.

झुंबरबाई : आता कसं शाण्यासारखं बोललीस.

पवित्रा : झालं. वायर बसली. कोड पुसला. मारा स्टार्टर, मावशी.

झुंबरबाई : लागली... दिवा... गेला! दिवा गेला गं! आन ऐक की, ठोका कुठाय? ठोकाच न्हाय!

पवित्रा : जरा फिरवून या. शिरोलीच्या पुलापर्यंत. चढाला दाबून बघा.

झुंबरबाई : गुंडूऽ! च्या पुरं, बस शिटावर. मिस्त्री, ऐका. न्हाय, इकडं तोंड करा, मग ऐका. मी सगळ्या अड्ड्याला सांगणार हाय.

नागाप्पा : सांगा. तुमचा हक्क हाय.

झुंबरबाई : सांगणारच. ‘नागाप्पा मिस्त्रीनं नारळ फोडून माझी गाडी आजारी पाडली, आन त्याच्या पोरीनं मशीन लावून बरी केली.’ दिवाळीपर्यंत हसतील तुमाला.

नागाप्पा : आणि कानाचं?

झुंबरबाई : कुठला कान?

नागाप्पा : बाई...

झुंबरबाई : फक्त एक. पोरगी हितं नसताना कुणाच्या इंजिनाला पाना लावलासा आन मला कळलं, तर मी येऊन गॅरेजला कुलूप घालतो. शपथ हाय कापडाच्या गाठींची. चल रे गुंडू.

नागाप्पा : पवी.

पवित्रा : अं?

नागाप्पा : कसा वाजतोय?

पवित्रा : चांगला.

नागाप्पा : चांगला म्हंजे काय? असं सांगत न्हाईत. इंजिनाचं सांगायचं म्हंजे नीट सांगायचं.

पवित्रा : म्हणजे... कबनूरला माग लागलेला असतो न्हवं, एकही दोरा न तुटता? तसा. मध्ये अडखळत नाही. गुंडूनं आता दुसरा गिअर टाकला. आवाज जरा जड झाला, पण घट्ट आहे.

नागाप्पा : खडखड?

पवित्रा : मागच्या फाळक्याची साखळी. इंजिनाची नाही.

नागाप्पा : बरं. साखळी असू दे. आता?

पवित्रा : तिसरा. वळली.

नागाप्पा : गेली?

पवित्रा : नाही, अजून येतोय आवाज. थांबा. गेली की सांगते.